एक गाणं, तीन मैफली: बॉब डिलनची लाइव्ह ध्वनिमुद्रणं घेताना

स्टुडिओतली गाणी पाठ झाली की लाइव्ह तबकडीकडे वळायचं, हा अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन ऐकणाऱ्यांचा नेहमीचा क्रम. आणि नेमकी तिथेच गाडी अडते. ओळखीचं गाणं म्हणून लावावं तर चाल निराळी, लय निराळी, निम्मे शब्द गिळलेले. ध्रुवपद येईपर्यंत गाणं कोणतं याचाच पत्ता लागत नाही. दहा मिनिटांत तबकडी बंद होते आणि 'लाइव्ह डिलन आपल्यासाठी नाही' असा निकाल लागतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीच्या तबकडीपासून सुरुवात केल्यामुळे लागतो.

खरं तर पुण्याच्या कानाला हे जड जाऊ नये. एकाच गवयाच्या एकाच रागाची चार-चार ध्वनिमुद्रणं जपणारी माणसं या गावात घरोघरी सापडतील. १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात कुणी मागच्या वर्षीचाच ख्याल तानेला तान जुळवून गायला, तर मंडपातले जाणकार उठून चहाला जातील. बंदिश तीच, मैफल निराळी, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हाच श्रोता भावगीताला दुसरा नियम लावतो. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली आलेल्या 'गीतरामायणा'च्या ५६ गाण्यांच्या चाली आजही कुणी गायला बसला की तशाच्या तशा लागतात, एक स्वर इकडचा तिकडे झालेला खपत नाही. डिलनचं गाणं दिसायला भावगीतासारखं, म्हणून आपण त्याला भावगीताचा नियम लावतो. तो स्वतः मात्र ख्यालाच्या बाजूचा आहे. त्याच्याकडे आलाप-ताना नाहीत, राग नाही. बदलतो तो ठेका, चाल, शब्द कुठे टाकायचा ती जागा, आणि कधी कधी चक्क शब्दच. एवढं मनात ठेवलं की कोणती तबकडी घ्यायची हे ठरवणं सोपं होतं.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करून पाहा. 'आय डोंट बिलीव्ह यू' हे एकच गाणं घ्या. त्याचं मूळ ध्वनिमुद्रण ९ जून १९६४ चं. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका बैठकीत अख्खा अल्बम उरकला होता. एक गिटार, गळ्यातल्या पट्टीला अडकवलेला माउथ ऑर्गन, आणि काल इतकी जवळ आलेली बाई आज ओळखही दाखवत नाही अशी हलकीफुलकी तक्रार. हे दोनदा ऐका. मग लागोपाठ त्याच्या तीन मैफलींतली रूपं ऐका.

पहिलं ३१ ऑक्टोबर १९६४ चं, न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमधलं. ही मैफल बूटलेग सीरीजचा (डिलनच्या जुन्या, न निघालेल्या ध्वनिमुद्रणांच्या अधिकृत मालिकेचा) सहावा खंड म्हणून २००४ साली निघाली. दोन तबकड्या, १९ गाणी. आपलं गाणं पहिल्या तबकडीवर नववं. डिलन गिटार वाजवत राहतो, पण पहिली ओळच आठवत नाही. थांबून श्रोत्यांनाच विचारतो, कुणाला पहिलं कडवं येतं का? समोरून कुणीतरी शब्द पुरवतं आणि गाणं सुरू होतं. अल्बम बाजारात येऊन जेमतेम अडीच-तीन महिने झाले होते, तरी सभागृहात ते पाठ असलेले लोक बसले होते. या तबकडीचं मोल इथेच आहे. गायक आणि श्रोते यांच्यात अजून काही बिनसलेलं नाही. तो हॅलोविनचा दिवस; आपण डिलनचा मुखवटा घालून आलोय असं तो मध्येच सांगतो आणि सभागृह हसतं. पुढच्या मार्चमध्ये तबकडीवर यायची होती अशी तीन मोठी गाणी लोक इथे, रेकॉर्ड निघण्याआधीच, पहिल्यांदा ऐकताहेत, आणि ती शांतता मुद्रणात स्पष्ट कळते. उत्तरार्धात लोकगीतगायिका जोन बाएझ चार गाण्यांपुरती येते. दोघांचे आवाज जुळण्यापेक्षा एकमेकांना डिवचतात जास्त. ज्यांना सुरेल द्वंद्वगीत हवं त्यांनी ही चार गाणी शेवटी ऐकावीत.

दुसरं रूप १७ मे १९६६ चं. त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण एकच तबकडी घ्यायची असेल तर ती हीच.

आधी खरेदीतला घोळ सांगतो. या संचाच्या नावात 'रॉयल अल्बर्ट हॉल' असं अवतरणचिन्हांत छापलंय, पण मैफल लंडनची नाही. ती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही मैफल चोरट्या तबकड्यांवर लंडनची म्हणून फिरली, तेच चुकीचं नाव इतकं रुळलं की १९९८ साली अधिकृत संच काढतानाही ते अवतरणात ठेवलं गेलं. पुढे २०१६ साली २६ मे १९६६ ची खरीखुरी रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल वेगळी निघाली. तिच्या नावात 'द रिअल' हा शब्द आहे. दोन्ही दोन-दोन तबकड्यांचे संच, गाणीही जवळपास तीच. ऑनलाइन मागवताना मुखपृष्ठाचं चित्र बघून ठरवू नका. 'बूटलेग सीरीज, खंड ४' आणि 'लाइव्ह १९६६' हे शब्द दिसले तरच बटण दाबा.

आता ऐकण्याचं. कीर्तनाला जसा पूर्वरंग आणि उत्तररंग, तशी ही मैफल दोन भागांत आहे. पहिल्या तबकडीवर डिलन एकटा: सात गाणी, गिटार आणि माउथ ऑर्गन. दुसरीवर आठ गाणी, पूर्ण वाद्यवृंदासह: गिटारला रॉबी रॉबर्टसन, बासला रिक डँको, पियानोला रिचर्ड मॅन्युएल, ऑर्गनला गार्थ हडसन आणि ड्रमला मिकी जोन्स. सभागृहात लोकगीतांचा एकटा गायक ऐकायला आलेली माणसं बसली होती. पूर्वरंग त्यांनी चिडीचूप ऐकला. उत्तररंगात विजेची गिटार बाहेर आली आणि बिनसलं. एका वाद्यावरून एवढं रण का, हे समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. हार्मोनियमला १९४० साली आकाशवाणीवर बंदी घातली गेली आणि ती पुढे कित्येक दशकं टिकली. वाद्य बदललं की परंपरा बाटली असं वाटणारे श्रोते दोन्हीकडचे.

दुसऱ्या तबकडीवरचं दुसरं गाणं म्हणजे आपलं चाचणीचं गाणं. सुरू करण्याआधी डिलन एवढंच सांगतो, की हे पूर्वी तसं होतं, आता असं आहे. मग मिकी जोन्सचा ठेका पडतो आणि १९६४ ची हलकी तक्रार मोठ्या, जड पावलांनी चालू लागते. ओळीतलं शेवटचं अक्षर लांबवून, जवळजवळ चावून म्हटलेलं. मूळ गाणं दोनदा ऐकून आलात तर हा फरक अंगावर येतो; नाही तर नुसता गोंगाट वाटेल. चाचणी आधी करायची ती यासाठीच.

मराठी कानाची एक फसगत इथे हमखास होते. गाण्यांच्या मधल्या जागेत सभागृहातून एका लयीत संथ टाळ्या ऐकू येतात. भजनाला टाळ्यांचा ठेका धरणाऱ्या आपल्याला ती दाद वाटते. ती दाद नाही. इंग्लंडात अशी संथ, एकसुरी टाळी म्हणजे निषेध. आपल्या नाटकगृहातल्या हुर्योचाच प्रकार. 'वन टू मेनी मॉर्निंग्ज' या गाण्याआधी ती इतकी वाढते की डिलन माइकवर काहीतरी अर्थहीन पुटपुटायला लागतो. लोक ऐकायला म्हणून थांबतात, टाळ्या विरतात, आणि मग एकच वाक्य स्पष्ट येतं: टाळ्या इतक्या जोरात वाजवल्या नाहीत तर. जमाव कसा ताब्यात घ्यावा याचा असा धडा दुसऱ्या कुठल्या तबकडीवर ऐकायला मिळत नाही.

आणि शेवटच्या गाण्याआधीची ती आरोळी. प्रेक्षागृहातून एक माणूस ओरडतो, 'जूडस!' येशूला पकडून देणारा शिष्य. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हणावं तसं. टाळ्या, हशा, आणखी काही ओरडणं. डिलन गिटार छेडत असतो. काही क्षण जातात आणि तो म्हणतो, 'आय डोंट बिलीव्ह यू'. साधारण अर्ध्या तासापूर्वी गायलेल्या गाण्याचंच हे नाव, पण इथे ते एका माणसाला दिलेलं उत्तर आहे. त्यापुढे 'तू खोटं बोलतोस' असं म्हणून तो साथीदारांकडे वळतो, जोरात वाजवा म्हणून शिवीसकट सांगतो, आणि ड्रमचा एक फटका गोळीसारखा पडतो. हा फटका नीट ऐकायचा असेल तर आवाज आधीच्या गाण्यातच ठरवून ठेवा. बोलणं नीट ऐकू येत नाही म्हणून मध्येच आवाज वाढवला, तर त्या फटक्याला लहान स्पीकर फाटल्यासारखा वाजतो आणि शेजारीही दार वाजवतात.

तिसरं रूप २५ नोव्हेंबर १९७६ चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमधलं. १९६६ च्या साथीदारांनीच पुढे 'द बँड' या नावानं गाणं-वाजवणं केलं; त्यांच्या निरोपाच्या मैफलीत डिलन पाहुणा म्हणून आला होता. साथीदार जवळपास तेच, पण ड्रमवर आता लेव्हॉन हेल्म, आणि लय लगेच सैल, झुलती होते. ही मैफल १९७८ साली तीन तबकड्यांवर निघाली. फक्त या गाण्यासाठी तो संच घेण्याची गरज नाही, स्ट्रीमिंगवर ऐकलं तरी पुरे.

तीन रूपं ऐकून तिसऱ्यालाही कपाळाला आठ्या पडल्या, तर पुढचं काही विकत घेऊ नका. मूळ अल्बम आहेतच. पण दुसऱ्या रूपानं मान डोलली असेल, तर पुढे वाचा.

माउथ ऑर्गनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण डिलनची मैफल नको वाटण्याचं निम्मं कारण तो असतो. हिंदी सिनेमानं आपल्याला बाजूचं बटण दाबून सगळे कोमल-तीव्र स्वर काढणाऱ्या क्रोमॅटिक माउथ ऑर्गनची सवय लावलीय. डिलनचा दहा भोकांचा साधा डायटॉनिक. त्यात एकाच पट्टीचे स्वर असतात, फुंकलं की एक कॉर्ड, ओढलं की दुसरी. पट्टी बदलली की वाद्यच बदलावं लागतं, म्हणून पहिल्या तबकडीवर गाण्यांच्या मध्ये खुडबुड ऐकू येते. शिवाय हात गिटारवर गुंतलेले, त्यामुळे तळव्यांचा द्रोण करून आवाज मऊ करण्याची सोय नाही; पात्यातून निघालेला स्वर सरळ माइकवर आदळतो. स्वस्त स्पीकरवर हा पट्टा कानात टोचतो. उपाय सोपा आहे: अ‍ॅम्प्लिफायरवरचा ट्रेबल थोडा खाली घ्या किंवा अ‍ॅपमधल्या इक्वलायझरवर २ ते ४ किलोहर्ट्‌झचा पट्टा दोन-तीन डेसिबलनी उतरवा. त्याहून जास्त उतरवलंत तर शब्दांची धार जाते, आणि डिलनमध्ये शब्द गेले की काही उरत नाही.

मोठ्या खोक्यांचा मोह टाळा. २०१६ साली १९६६ च्या दौऱ्याचा ३६ तबकड्यांचा संच आला. त्या दौऱ्याची हाती लागलेली सगळी ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. २०२४ साली १९७४ च्या दौऱ्याचा २७ तबकड्यांचा, ४३१ मुद्रणांचा संच आला. ही खोकी नेमकी त्या-त्या वर्षी का येतात? युरोपीय संघानं २०११ साली ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेलं, पण पहिल्या ५० वर्षांत मुद्रण प्रसिद्धच केलं नसेल तर ही वाढ मिळत नाही. १९६६ मध्ये ५० मिळवा, २०१६ येतं. १९७४ मध्ये ५० मिळवा, २०२४. म्हणजे पेटीतला माल हक्क जाण्याआधी बाहेर काढलेला आहे, निवडून ताटात वाढलेला नाही. १९६६ च्या दौऱ्यात रोजची गाणी जवळपास सारखीच, त्यामुळे ३६ तबकड्यांत तीच पंधरा गाणी पुन्हा पुन्हा येतात. बरीचशी मुद्रणं मोनो, आणि शेवटच्या काही तबकड्या तर प्रेक्षकांतून केलेल्या. त्यांत शेजाऱ्याचा खोकला गाण्यापेक्षा ठळक. एखाद्या गाण्याची रोजची लय कशी सरकत गेली हे मोजणाऱ्या अभ्यासकाला हा खजिना आहे. इतरांनी मँचेस्टरचे दोन भाग पुरे मानावेत.

१९७४ च्या खोक्यात आणखी एक मेख आहे. त्या दौऱ्यात द बँड स्वतःचीही गाणी गात असे, पण खोक्यात फक्त डिलनची गाणी आहेत. संध्याकाळ पूर्ण कशी होती हे कळायला १९७४ सालीच निघालेला 'बिफोर द फ्लड' हा दोन तबकड्यांचा संच बरा. २१ गाणी, त्यांतली आठ द बँडची. मोठ्या क्रीडागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी डिलन प्रत्येक ओळ ओरडून संपवतो. पहिली चार गाणी अंगात वीज भरतात, बारावीनंतर थकवा येतो. दोन बैठकांत ऐका.

१९६६ नंतर दुसरी तबकडी घ्यायची तर १९७५ ची, हे कुणी विचारलं तरी सांगावंसं वाटतं. रोलिंग थंडर रेव्ह्यू नावाचा तो दौरा ३० ऑक्टोबर १९७५ ला मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ या छोट्या गावी सुरू झाला. मोठी मैदानं टाळून लहान सभागृहं धरलेली, बरोबर गायक-वादकांचा तांडा, जवळजवळ आपल्या तमाशाच्या फडासारखा. बूटलेग सीरीजचा पाचवा खंड, २००२ साली निघालेला, दोन तबकड्या, २२ गाणी. इथे ऐकायचं ते स्कार्लेट रिव्हेराचं व्हायोलिन. आपल्याकडचं व्हायोलिन गळ्याच्या मागून सावलीसारखं चालतं. इथे ते गायकाच्या ओळीत घुसतं, त्याला अडवतं, पुढे ढकलतं. डिलनचा गळाही या दौऱ्यात जसा मोकळा लागलाय तसा क्वचितच. २०१९ सालचं १४ तबकड्यांचं खोकं तालमींसकट आहे आणि इतर खोक्यांपेक्षा जास्त ऐकण्याजोगं, तरी आधी दोन तबकड्या संपवा.

बुडोकानच्या तबकडीवर, म्हणजे टोकियोत फेब्रुवारी-मार्च १९७८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या मैफलीवर, बरीच टीका झाली: सॅक्सोफोन, बासरी, मागे बायकांचा कोरस, आणि 'डोंट थिंक ट्वाइस' चक्क रेगेच्या ठेक्यावर. ही टीका अर्धीच खरी आहे. 'आय वाँट यू' तिथे इतकं संथ केलंय की मूळ उडत्या गाण्याच्या पोटात एवढं दुःख होतं हे पहिल्यांदा कळतं. पण सुरुवात इथून नको. २०२३ साली आलेला पूर्ण बुडोकान संच चार तबकड्यांचा, दोन सलग रात्रींचा. ज्यांना आधीची तबकडी आवडली त्यांनीच घ्यावा.

१९७९ ते ८१ या काळातला बूटलेग सीरीजचा तेरावा खंड वारकऱ्यांच्या मुलखातल्या माणसानं चुकवू नये. डिलन ख्रिस्तभक्तीकडे वळला होता. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात तो सलग १४ मैफली गायला आणि त्यांत एकही जुनं गाणं नव्हतं. लोक चिडले. ध्वनिमुद्रणात मात्र जिम केल्टनरचे ड्रम, स्पूनर ओल्डहॅमचा ऑर्गन आणि मागचा स्त्रियांचा कोरस भजनी मंडळासारखा चढत जातो. शब्दांतला धर्म आपला नसेल, पण गजर चढणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. दोन तबकड्यांची छोटी आवृत्ती घ्या; आठ तबकड्या आणि एक डीव्हीडी असलेली मोठी नंतर.

ऐंशीच्या दशकातलं बाकीचं सोडून द्यावं. १९८४ च्या 'रिअल लाइव्ह'वर एका जुन्या गाण्याचे शब्द जवळपास नव्यानं लिहिलेले आहेत, तेवढं स्ट्रीमिंगवर ऐकावं. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडबरोबरची, १९८७ मध्ये मुद्रित झालेली तबकडी फुकट मिळाली तरी कपाटात जागा अडवते. १९९५ ची एमटीव्ही अनप्लग्ड नीटनेटकी आहे, भेट द्यायला चांगली.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर अ‍ॅपमधल्या तीन गोष्टी आधी बदला. क्रॉसफेड शून्यावर आणा, नाही तर एका गाण्याच्या टाळ्यांवर दुसऱ्याची सुरुवात चढते आणि मधलं बोलणं पुसलं जातं. ती आरोळी नेमकी अशा मधल्या जागेतच आहे. गाण्यांमध्ये खंड न पाडणारं गॅपलेस चालू ठेवा. आवाजाची पातळी सारखी करणारं नॉर्मलायझेशन बंद करा, कारण एकट्या गिटारीची पहिली तबकडी आणि पूर्ण वाद्यवृंदाची दुसरी यांच्यातला धक्का हाच या मैफलीचा गाभा आहे, आणि तो सपाट होतो. शफल तर अजिबात नको. स्वतःच्या सीडीवरून दुसरी प्रत काढताना 'ट्रॅक अ‍ॅट वन्स' पद्धत निवडली तर दर गाण्यामध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते. 'डिस्क अ‍ॅट वन्स' निवडा. मोनो मुद्रण हेडफोनवर डोक्याच्या मधोमध अडकल्यासारखं वाटतं, ते समोरच्या स्पीकरवर ऐकावं. जुना सीडी प्लेअर माळ्यावरून काढला असेल तर आरसीएच्या केबलपासून पट्ट्यापर्यंत (कप्पा उघडणारा रबरी पट्टा आधी ताणतो) सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल; जुना पट्टा बरोबर न्या, अंदाजानं व्यास सांगू नका.

पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात डिलन सापडणं नशिबाचा भाग. सापडला तर तबकडी डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून पाहा, काठ वर-खाली लाटेसारखा दिसला तर सोडा. मग उजेडात तिरकी करा: केसासारखे वरवरचे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा सुई उडवतो. सीडी असेल तर दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी उजेडाची भोकं दिसली तर आतला चकचकीत थर खाल्ला गेलाय, ती पुसून दुरुस्त होत नाही. जुन्या कॅसेटी मिळाल्या तर लगेच वाजवू नका. फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी आमच्याकडच्या पावसाळ्यांत डिंक सुटून पडलेली असते. मग आवाज दबका, एका बाजूनं गेल्यासारखा येतो आणि लोक कॅसेट खराब म्हणून टाकतात. स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात फीत हलवली की तीच कॅसेट स्वच्छ बोलते. बॉक्स सेटचा पुठ्ठा जून ते सप्टेंबर हमखास बुरशी धरतो. भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, प्रत्येक खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि पुस्तिकेची गुळगुळीत पानं चिकटू नयेत म्हणून महिन्यातून एकदा उलगडून ठेवा. तबकडी पुसताना सीडी मध्यापासून काठाकडे सरळ रेषेत, आणि एलपी मात्र खाचांच्या दिशेनं गोल. हे उलट करणारे बरेच आहेत.

साहित्याचं नोबेल त्याला १३ ऑक्टोबर २०१६ रोजी जाहीर झालं, 'थोर अमेरिकी गीतपरंपरेत नवी काव्यात्म अभिव्यक्ती निर्माण केल्याबद्दल'. गीतकाराला हा मान पहिल्यांदाच, असं तेव्हा पुष्कळ ठिकाणी लिहिलं गेलं. १९१३ साली तो मिळालेल्या रवींद्रनाथांनी दोन हजारांहून जास्त गाणी लिहिली आणि त्यांना चाली लावल्या, हे आपण तरी विसरू नये. १० डिसेंबरच्या स्टॉकहोमच्या सोहळ्याला डिलन गेला नाही; त्याच्या जागी गायिका पॅटी स्मिथनं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' गायलं. मध्येच शब्द हरवले, ती थांबली, माफी मागितली, आणि पुन्हा गायली. सभागृहानं टाळ्यांनी सावरून घेतलं. याचं चित्रमुद्रण इंटरनेटवर फुकट आहे. ते १९६४ च्या फिलहार्मोनिक हॉलमधल्या विसरण्याच्या शेजारी ठेवून पाहा.

परदेशी जाऊन प्रत्यक्ष ऐकण्याचा बेत असेल, तर २०२१ च्या नोव्हेंबरात मिलवॉकीला सुरू झालेल्या दौऱ्याची रीत माहीत असलेली बरी. २०२० च्या अल्बमवरच्या दहा गाण्यांपैकी नऊ त्यानं या दौऱ्यात मंचावर आणली; ती आधी ऐकून जा, जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या आशेनं नको. साधारण पावणेदोन तासांचा कार्यक्रम, डिलन बराचसा वेळ पियानोमागे, बोलणं जवळपास नाही. दारातच मोबाइल कुलूपबंद पिशवीत घातला जातो. पिशवी तुमच्याकडेच राहते, पण ती ठरलेल्या जागीच उघडते. म्हणून तिकीट आधी स्कॅन करून घ्या. बरोबरच्यांना शेवटी कुठे भेटायचं ते आत जाण्याआधीच ठरवा, हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा. खिशात एक लहान वही आणि पेन्सिल असू द्या. फोटो मिळणार नाही, ध्वनिमुद्रण मिळणार नाही. त्या रात्री कोणत्या गाण्याची लय कशी होती, हे बाहेर पडल्यावर लगेच लिहून काढलं नाही तर दुसऱ्या दिवशी मूळ तबकडीचीच चाल आठवायला लागते.